बंडीची झूल

२०२३ सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दारात बंडी आली. राजुरा-गोंडपिपरीकडच्या वाचकांना बंडी म्हटले की जू, शिवळा आणि दोन लाकडी चाके आठवतील. मंचेरियलला तसे नाही. तेलुगूत चाकांवर चालणारे काहीही बंडीच. मोटारसायकल बंडी आणि दहा चाकांचा ट्रकही बंडी. आमची बंडी म्हणजे पाच वर्षे वापरलेली पांढरी बोलेरो पिकअप, पिवळ्या पाटीवर टीएस १९ नंबर. समोरच्या दुकानदाराने ओट्यावरूनच विचारले, "बंडी कोन्नारा?" मी हो म्हटले आणि आत वळून हिला हाक दिली, "अगं, बंडी आली, आरतीचे ताट आण." एका शब्दात दोन्ही भाषांचे काम भागले.

गाडी मुलासाठी घेतली. मी सिंगरेणीच्या श्रीरामपूर भागातल्या कोळसा खाणीवर हजेरीबाबू होतो. (हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे; पत्रे तिकडे जाऊन आलेली आहेत.) निवृत्तीनंतर हाती आले त्यातला मोठा वाटा या गाडीत गेला. मुलगा आयटीआय झालेला, दोन-तीन ठिकाणी कंत्राटावर राबून कंटाळलेला. "बाबा, दुसऱ्याच्या गेटवर उभे राहण्यापेक्षा स्वतःच्या स्टिअरिंगवर बसतो," असे तो म्हणाला, आणि ज्याने चौतीस वर्षे दुसऱ्यांची हजेरी मांडली त्याला यावर उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांची ती पोलाला अमावस्या. आमच्या घरी बैल राहिले नाहीत त्याला दोन पिढ्या झाल्या, म्हणून हिने पिकअपलाच ओवाळले, पुढच्या चाकांवर पाणी घातले आणि पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला. मुलगा लाजून हसला. मी गाडीभोवती फिरत होतो. मागचा हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, दोन्ही बाजूंना आणि मागे फाळके, वर आभाळ. साज न चढवलेला बैल पोळ्याच्या दिवशी जसा दिसतो तशी ती मला दिसली. हिला कुंकू लागले, झूल राहिली, एवढेच त्या वेळी मनात आले. झुलीवरून घरात एवढे रामायण होईल असे वाटले नव्हते.

आमचे आजोबा मंचेरियलला आले ते खऱ्या बंडीतून. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे ते एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात आले, बस्स. पुढे १९५६ मध्ये राजुरा मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आजोबा आपल्या जागेवर बसल्या बसल्या परप्रांतीय झाले. २०१६ च्या ऑक्टोबरात मंचेरियलचाही वेगळा जिल्हा झाला, तरी माझ्या तोंडून अजून आदिलाबादच निघते. तर आजोबांच्या बंडीवर बुरडाने विणलेला बांबूचा तट्टा कमानीसारखा वाकवून घातलेला होता आणि पावसात वरून घोंगडी. वडील सांगत की त्या घोंगडीखाली आजी, दोन मुले आणि ज्वारीची पोती असा सारा संसार कोरडा आला. तेलुगूत घोंगडीला गोंगडीच म्हणतात. पांघरुणाच्या बाबतीत दोन भाषांनी फारसे भांडण ठेवलेले नाही.

पहिली ताडपत्री मुलाने घाईत आणली. निळी, चकचकीत, पंधरा बाय अठरा फुटांची, आणि स्वस्त. दुकान कोणते ते सांगत नाही, अशी दुकाने प्रत्येक गावात आहेत. ऐन कापसाच्या दिवसांत, डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग वादळ बापटलाजवळ किनाऱ्यावर चढले आणि इथपर्यंत आभाळ भरून आले. मुलगा वांकिडीकडून एका शेतकऱ्याचा कापूस घेऊन येत होता. आसिफाबादच्या पुढे सरी सुरू झाल्या. ताडपत्री मध्ये खोलगट झाली, त्या खोलग्यात पाणी साचले, वजनाने ती ताणली आणि कडीच्या भोकापासून वीतभर टरकन फाटली.

कापसाचे पाणी फार महाग असते. कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यावर भाव कापत जाते आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेतच नाही. खाजगी व्यापारी घेतो, पण त्याचा चेहरा बघवत नाही. त्या दिवशी वरचा थर पिळून पाणी निघाले. शेतकरी गाडीतच बसून आला होता. तो ओरडला नाही. नुसता मूठभर कापूस हातात घेऊन दाबत राहिला. नुकसान आम्ही भरून दिले. तो आकडा मी वहीत लिहिला आणि हिला बरेच दिवस सांगितला नाही.

त्या रात्री मला हजेरीबाबूची बुद्धी सुचली. ताडपत्रीवर '२०० जीएसएम' असा छाप होता. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम ते. पंधरा बाय अठरा फूट म्हणजे पंचवीस चौरस मीटर. दोनशेने गुणले की पाच किलो. फाटकी ताडपत्री पुसून, वाळवून मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. दोन किलो सहाशे. म्हणजे छापातले अर्धे ग्रॅम छापण्यातच संपले होते. मुलगा काट्याकडे बघत राहिला. "बाबा, हे आधी का नाही सांगितले?" आता मला आधी कळले असते तर मी आधीच सांगितले नसते का! पण वाचकांपैकी कोणाला ताडपत्री घ्यायची असेल तर फुटांचे मीटर करा, गुणाकार करा आणि दुकानदाराला काटा मागा. काटा मागितल्यावर तो कसा बघतो त्यावरून अर्धी परीक्षा होते.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघे गेलो. आधी माप धरले. माल हौद्याच्या वर चढतो आणि ताडपत्री खाली हुकापर्यंत यायला हवी, म्हणून दोन्ही अंगांना चार-चार फूट धरायचे. नवाचे सतरा होतात, साडेपाचाचे साडेतेरा. तेव्हा माप पुन्हा पंधरा बाय अठराच. चुकला होता तो फक्त माल.

दुकानदार वयस्क तेलुगू गृहस्थ. त्यांनी तीन थर पुढ्यात टाकले. पहिला जुन्या पद्धतीचा मेणकापडासारखा कॅनव्हास. जुने ट्रकवाले अजून तोच मागतात, कारण त्यातून माल श्वास घेतो. प्लॅस्टिकखाली उन्हात कापसाला घाम फुटतो. पण कोरडा असतानाच तो जड, भिजला की दोघांना उचलेना, आणि ओला घडी करून ठेवला तर आठवड्यात बुरशी. दुसरी विणलेल्या प्लॅस्टिकची, २५० जीएसएम, आयएसआयचा शिक्का असलेली. वजन सव्वासहा किलो भरले, म्हणजे प्रामाणिक. तिसरी पीव्हीसीचा लेप दिलेली, ५५० ची, पावणेचौदा किलो. तिच्यावर थाप मारून ते म्हणाले, "गट्टि सरकु, सार." गट्टी म्हणजे मजबूत. मराठीत गट्टी म्हणजे दोस्ती. मला तो अर्थही चालला असता.

माझे मन दुसरीवर होते. हलकी, परवडणारी. मुलगा म्हणाला, "मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर जाते. या उन्हात ती दोन वर्षांत करकरेल. तिसरी घेऊ." मी म्हटले, "चौदा किलो एकटा डोक्यावरून फेकशील का, पावसात, रस्त्याच्या कडेला?" तो म्हणाला, "फेकायची मलाच आहे ना?" यावर दुकानदार माझ्याकडे बघून हसले. तिसरी घेतली. कडेला दोर शिवलेला, कड्या पितळेच्या, एकीपासून दुसरी हातभर.

शब्दाचे एक. त्यांनी पावतीवर तेलुगूत ताडिपत्री असे लिहिले. अनंतपूर जिल्ह्यात ताडिपत्री नावाचे गावच आहे, पण आपल्या ताडपत्रीचा त्याच्याशी संबंध नसावा. माझा कयास असा की डांबर फासलेल्या जहाजी कापडाचे इंग्रजी तारपोलिन हे नाव आपल्या लोकांनी ऐकले आणि ओळखीच्या ताडाच्या पानावर नेऊन बसवले. आपल्याकडचे आणि तेलुगू, दोघांच्याही कानांनी एकच चूक केली. असो.

त्यांनी बांधायचे शास्त्रही सांगितले. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी घालायची आणि पुढची तिच्यावर, कौले रचतात तशी, म्हणजे वारा शिवणीत शिरत नाही. दोर हुकातून नेऊन ताणायचा, कारण फडफडते तीच फाटते. आणि सर्वांत महत्त्वाचे, मधला भाग उंच हवा. पाणी साचले की पावणेचौदा किलोचीही खैर नाही. त्यासाठी हौद्यावर लोखंडी कमानी हव्यात.

कमानींपाशी खरे भांडण सुरू झाले.

वेल्डरकडे मुलाने एक चिठ्ठी दिली. मी ती चष्मा लावून वाचली. एक इंची पाइपच्या पाच कमानी, पक्क्या वेल्ड केलेल्या. दोन्ही बाजूंना पडदे. हौद्यात दोन लांब फळ्या. मागे चढायला पायरी. शिवाय पाट्यांमध्ये एक पाटा वाढवणे, पुढे लोखंडी गार्ड, निळे दिवे आणि मोठा हॉर्न. गार्डवर मी लगेच काट मारली. असे गार्ड बसवू देऊ नका असे केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवले आहे. निळे दिवे आणि हॉर्न हे वयाचे दोष, तेही गेले. पण माझी नजर फळ्यांवर आणि पायरीवर थांबली. कापसाला बसायला फळी लागत नाही. सिमेंटची पोती पायरीने चढत नाहीत.

"हे कोणासाठी?" मी विचारले.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "एका मेस्त्रीने विचारले आहे. मिरचीच्या बाया. जानेवारी ते एप्रिल, आठवड्याला दोन फेऱ्या. आगाऊ पैसे देतो म्हणतो."

सीमेवरच्या वाचकांना मिरचीच्या बाया म्हणजे काय ते सांगायला नको. कापूस वेचून झाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून बाया खम्मम-वरंगळकडे मिरची तोडायला निघतात. महिना-दोन महिने पालात राहतात. मजुरी कधी रोख, कधी मिरचीच्याच पोत्यात. जातात त्या अशाच पिकअपमध्ये, उभ्याने, दाटीवाटीने, कडेला लेकरू. आणि दरवर्षी पेपरात कुठेतरी उलटलेल्या गाडीचा फोटो असतो. मालवाहू गाडीत माणसे न्यायला कायद्याने बंदी आहे, आणि काही झाले की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. मी खाणीवर चौतीस वर्षे हजेरी मांडली आहे. पाळी संपल्यावर एखादे नाव वर आले नाही, की त्या ओळीपुढे पेन कसे थांबते ते मला माहीत आहे. "माझ्या पैशाच्या गाडीत हे होणार नाही," मी म्हणालो. माझ्या पैशाच्या, हे शब्द जायला नको होते. गेले.

मुलगा दोन दिवस बोलला नाही. घरात तो मित्रांशी फोनवर तेलुगूत बोलायचा तेवढाच आवाज. तिसऱ्या दिवशी जेवताना हीच म्हणाली, "तुमचे खरे आहे. पण तुम्ही फळ्या नाही लावल्या म्हणून त्या बाया घरी बसणार आहेत का? त्या दुसऱ्याच्या उघड्या हौद्यातून जातील." मी म्हटले, बस आहे, रेल्वे आहे. त्यावर मुलगा पहिल्यांदा बोलला. "बाबा, महाराष्ट्रात बायकांना बसचे अर्धे तिकीट. इकडे डिसेंबरपासून तिकीटच नाही, पण तेलंगणाचे आधार कार्ड असेल तर. राजुऱ्याची बाई सीमा ओलांडली की पूर्ण तिकीटवाली. आणि बस शेतापर्यंत जाते का?" त्याची माहिती बरोबर होती. तिकडची सवलत १७ मार्च २०२३ ची, इकडची ९ डिसेंबर २०२३ ची. दोन सरकारांच्या दोन उदार योजनांमध्ये जी फट राहते तिच्यातून या बाया चालतात. हिने मग २०२० च्या एप्रिलची आठवण काढली. टाळेबंदीत मिरचीच्या शेतातून छत्तीसगडातल्या आपल्या घरी पायी निघालेली बारा वर्षांची पोर घर जवळ आले असताना वाटेत गेली, ते सगळ्यांनीच वाचले होते. "तिला कोणाची बंडी मिळाली असती तर," एवढे बोलून ही भात वाढायला उठली.

मी माझे म्हणणे सोडले नाही, पण चिठ्ठी दुरुस्त केली. कमानी पाच नव्हे, तीन. पक्क्या नव्हेत, फाळक्याच्या आतून पाइपचे खोबण बसवायचे, त्यात कमान उभी करून खिळ घालायची, काम झाले की उपसून ठेवायची. कमानींवर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या, नाहीतर पाइपच्या घासण्याने ताडपत्री तिथेच झिजते. फळ्या नाहीत, पायरी नाही. पाटाही वाढवायचा नाही, कारण एक पाटा वाढला की मालक अर्धा टन जास्त भरतो, हा जगाचा अनुभव. त्याऐवजी हौद्याच्या तळाला चेकर प्लेट, चांगला जॅक, दोन जाड दोर, आगीची नळकांडी, आणि चमकणाऱ्या पट्ट्या: पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या, मागे तांबड्या. कोळशाच्या रस्त्यांवर धुक्यात आणि धुळीत उभी गाडी दिसत नाही, पट्टी दिसते. मुलाला हा साज म्हणजे पंतोजीने सजवलेला बैल वाटला असणार. त्याने निमूट करून घेतला.

नावाचा प्रश्न मात्र सोपा सुटला. पुढे काचेवर तेलुगूत पांडुरंगाचे नाव, कारण पांडुरंग दोघांचाही. मागच्या फाळक्यावर देवनागरीत 'आईचा आशीर्वाद'. तेलुगू पेंटरने माझ्या कागदावरून अक्षरन् अक्षर उतरवले, तरी शी ऱ्हस्व झालाच. मी पुसायला सांगणार होतो. ही म्हणाली, "राहू द्या हो. मराठी माणसांच्या गाड्यांवरही तसाच असतो."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊला मुलाचा फोन आला. आसिफाबादकडची थंडी तेलंगणात नावाजलेली. घरातच आम्ही शाली पांघरून बसलो होतो.

"बाबा, गाडी रिकामी आहे. कमानी लावल्यात. ताडपत्री घातली."

आभाळ कोरडे होते. रिकाम्या गाडीला ताडपत्री कशाला, हे मला कळायला क्षणभर लागला.

"किती जणी?"

"नऊ. दोन लेकरे. वांकिडीच्या पुढे त्यांची गाडी बंद पडली. ड्रायव्हर सामान आणायला गेला तो चार तास आला नाही. रस्त्याच्या कडेला काटक्या पेटवून बसल्यात."

"आसिफाबाद रोड स्टेशनवर सोड."

"आणि रात्रभर फलाटावर बसवू? लेकराला ताप आहे."

मागून एका बाईचा आवाज आला, "दादा, आमाले मंचेरियालपर्यंत न्या, सकाळी आमी जातो रेल्वेनं." माझ्या आजीची बोली. मी खुर्चीतून उठलो होतो.

"लेकरू आणि त्याची आई पुढे केबिनमध्ये घे. बाकीच्यांना खाली बसव, फाळक्याला टेकून कोणी नको. मागचा पडदा पूर्ण बांधू नको, धूर आत कोंडतो. चाळीसच्या वर जाऊ नको."

"बरं," तो म्हणाला.

शंभरेक किलोमीटर. मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसलो. विम्याचा कागद कपाटात होता आणि त्यात काय लिहिले आहे ते मला पाठ होते. ही दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा काही बोलली नाही. पाऊण वाजता दिवे दिसले. पडदा उचलला तर नऊ जणी एकमेकींना बिलगून बसलेल्या, मधे भाकरीचे गाठोडे आणि पातेली. एकीने उतरताना कमानीला हात लावून पाहिले आणि म्हणाली, "बरी आहे बापा, वारा नाही लागला."

सकाळी त्यांनी माणशी शंभर रुपये काढले. मुलाने घेतले नाहीत. नंतर मला म्हणाला, "घेतले असते तर प्रवासी झाल्या असत्या. नाही घेतले, म्हणजे पाहुण्या." कायद्याला हा फरक कळत नाही हे मी त्याला सांगू शकलो असतो. मेस्त्रीला त्याने नाही कळवले, की मी म्हणतो म्हणून गप्प बसला आहे, हे मी अजून विचारलेले नाही. त्या रात्री समोरून एखादा ट्रक आला असता तर आज हा लेख कोणी लिहिला असता, हा विचार मला अजून पहाटे जागा करतो. आणि पुन्हा तसा फोन आला तर मी काय सांगेन हेही मला कळत नाही.

पावसाळ्यात कापूस नसतो, तेव्हा मुलगा कमानी उपसून गच्चीवर ठेवतो. यंदा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि हिने त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला. आता कापूस फुटायला लागला आहे. परवा मुलगा वर गेला आणि हाक मारून म्हणाला, "आई, कमानी पाहिजेत." ही म्हणाली, "आठ दिवस थांब. अजून चार दोडकी कोवळी आहेत."